वही कुणाच्या हातात?

आपल्या बैठकीत एक वाक्य हमखास पडतं आणि ते पडलं की टाळ्याही पडतात : ‘याद्या करून क्रांती होत नसती. क्रांती रक्तात असावी लागती.’ बोलणारा मनापासून बोलत असतो. रात्रभर पोस्टरं डकवलेली असतात, पोटात दोन वडापाव असतात, खिशात परतीच्या एसटीचे पैसे नसतात. अशा माणसाला वही-पेन घेऊन बसणारा दुसरा कार्यकर्ता कारकून वाटतो. आणि कारकून म्हटलं की आपल्या मनात कुळकर्णी, तलाठी, मुकादम, गिरणीतला टाइमकीपर सगळे एका रांगेत उभे राहतात. त्या रांगेवरचा आपला राग खोटा नाही. पण त्या रागाच्या भरात आपण वहीच फेकून दिली, तर ती उचलणार कोण? प्रचारात व्यवस्थित असणं ही नुसती सोय आहे, की तो नीतीचा मामला आहे? मी म्हणतो, नीतीचा आहे. का म्हणतो ते सांगतो.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर असतो. कविता करतो. शाळा दहावीला सुटली. पुढचं जे काही डोक्यात गेलं ते तिसऱ्या पाळीनंतर वाचून गेलं. तेव्हा तत्त्वज्ञानाची भाषा माझ्याकडं मागू नका. मी वस्तीतलं आणि गिरणीतलंच बोलणार.

गावगाड्यात महाराकडं काय होतं? तोंड आणि पाय. गावाची शीव कुठं, कुठल्या बांधाचा दगड कुणी सरकवला, हे त्याला पाठ. शिवेचा तंटा लागला की त्याची साक्ष चालायची. सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा तो त्यानंच. गावाची आठवण म्हणजे महार. पण लिहायचं कुळकर्ण्यानं. आठवण आमची आणि दप्तर त्याचं. भांडण कचेरीत गेलं की आठवण हरायची आणि दप्तर जिंकायचं. साताऱ्यातल्या खटाव तालुक्यात कटगुण आहे, जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव. कुळकर्ण्याच्या लेखणीवर जोतीराव आयुष्यभर तुटून पडले. पण त्यांचा राग लेखणीवर नव्हता, ती एकाच जातीच्या मुठीत असण्यावर होता. म्हणून तर त्यांनी शाळा काढल्या. १९५८ च्या कायद्यानं महारवतन गेलं. सवय मात्र गेली नाही. आपण अजून तोंडी कारभार करतो. ‘सांगितलंय त्याला’, ‘बघून घेतो म्हणालाय’, ‘आपलाच माणूस हाय’. तोंडी कारभारात एक गंमत असते, कुणालाच जाब द्यावा लागत नाही. हे आपल्या पुढाऱ्यांना फार लवकर कळलं.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढलं. क्रमांक १९१४. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि आपली पोरं त्या पानाचा फोटो बघून भारावतात. भारावलंच पाहिजे. पण नाव रजिस्टरात चढलं म्हणून त्या पोराला बाक मिळाला नाही. बसायला गोणपाट घरून न्यावं लागायचं आणि संध्याकाळी परत आणावं लागायचं. म्हणजे वहीत नाव असणं पुरेसं नसतं. हे मी आधीच कबूल करून टाकतो, नाहीतर पुढं कुणीतरी माझ्यावरच उलटवेल.

त्याच सुमाराची, १९०१ ची दुसरी गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वडील रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुटीत पोरांना तिकडं बोलावलं होतं. पोरांनी येत असल्याचं पत्र टाकलं, नवे कपडे घातले, गाडीत बसली आणि मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कुणीच आलेलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं विचारपूस केली, जात कळली आणि त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले दुप्पट भाडं देऊनही बसवून घेईनात. शेवटी एक तयार झाला, पण पोरांनी गाडी हाकायची आणि त्यानं पायी चालायचं, या अटीवर. अख्ख्या वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी पोचल्यावर उलगडा झाला : पत्र आलं होतं, पण नोकरानं ते रामजींना दिलंच नव्हतं. विसरला.

ही गोष्ट आपण जातीच्या क्रौर्याची म्हणून सांगतो आणि ती तशीच आहे. पण मला त्यातल्या पत्राचं अडकून राहतं. एक पत्र न पोचणं ही केवढीशी चूक! ब्राह्मणाची किंवा पाटलाची पोरं तशी स्टेशनावर अडकली असती तर काय झालं असतं? मास्तरनं घरी नेऊन जेवू घातलं असतं, गाडी करून दिली असती. त्यांच्या घरचा विसरभोळेपणा जगानं भरून काढला असता. आपल्या पोरांच्या बाबतीत मात्र विसरणाऱ्या नोकराची चूक जातीनं शंभरपट करून टाकली. हा हिशेब मला प्रचारात पावलोपावली दिसतो. सवर्ण उमेदवाराचा अर्ज अपुरा असला तर त्याला आधीच फोन येतो, ‘दादा, एक कागद राहिलाय बघा.’ आपल्याला निकाल लागल्यावर कळतं. गलथानपणा ज्यांना परवडतो त्यांना परवडू दे. आपल्या गलथानपणाची किंमत आपण देतही नाही, ती देते वस्तीतली सगळ्यात गरीब बाई.

आता १९५२ घ्या. पहिली सार्वत्रिक निवडणूक. उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची समाजवाद्यांशी युती होती आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता होते. काँग्रेसच्या काजरोळकरांना १,३८,१३७ मतं पडली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१ चा. आणि बाद झालेली मतं ७४,३३३. मत मुद्दाम कुजवायला लावलं गेल्याचा आरोप झाला, अर्ज झाला, तो फेटाळला गेला. त्या वादावर पुष्कळ शाई सांडली आहे, मी त्यात नवी ओतत नाही. मला त्या ७४,३३३ चं वाटतं. घरातून निघाली असतील, रांगेत उभी राहिली असतील, बोटाला शाई लावून घेतली असेल आणि मोजताना ती नव्हतीच. त्यांतली किती आपली होती हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण शंभर सभांमध्ये घसा फोडणं आणि दोन मतं कशी द्यायची हे चाळीतल्या एकेका म्हातारीला हातात धरून दाखवणं, ही दोन वेगवेगळी कामं आहेत. पहिल्याला हार मिळतो. दुसऱ्याला कुणी विचारत नाही.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. ग्रामपंचायतीच्या प्रभागात आजही एकाहून अधिक जागा असतात आणि मतदाराला तेवढी मतं द्यायची असतात. आमच्या प्रभागात तीन होत्या. ‘एक बटन दाबलं, झालं’ म्हणून माघारी वळणारी माणसं मी पाहिली आहेत.

पण गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती १९५४ च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत आहे. तिथंही दोन जागा, दोन मतं. कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला : आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावं आणि दुसरं कुणालाच देऊ नये, कुजवावं, म्हणजे जागा निघते. हिशेबाला धरून होतं ते. बाबासाहेबांनी नकार दिला. पडलो तरी चालेल, पण मत वाया घालवा असं मी लोकांना सांगणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब पडले.

आमच्यातले काही हुशार कार्यकर्ते या गोष्टीला भाबडेपणा म्हणतात. मला ती कणा वाटते. कारण नुसतं व्यवस्थित असणं हाच गुण धरला, तर आमच्या भागातल्या साखरेच्या राजकारणाइतकं व्यवस्थित कोण आहे? त्यांच्याकडंही यादी असते. कुणाच्या घरात किती मतं, कुणाचं उसाचं बिल अडकलंय, कुणाच्या पोराला चिकटवायचंय, कुणाला दवाखान्याला पैसे लागलेत. मतदानाच्या आदल्या रात्री ती यादी बोलायला लागते. तिच्यात गफलत नसते. गळफासाची गाठसुद्धा व्यवस्थितच मारलेली असते.

मग यादी आणि यादी यांत फरक कशानं करायचा? मी बरेच दिवस यावर घासाघीस केली, त्यातून मला एवढंच सापडलं : जिचं नाव यादीत आहे तिला ती उघडून वाचता येते का? तिच्या नावापुढं काय लिहिलंय ते तिला दाखवायची तुमची छाती आहे का?

आमच्या वस्तीतून एक शेतमजूर मावशी उभी होती. राखीव महिला जागा. दोनशे पानी वही आणली, घरवार पानं पाडली. पहिल्या आठवड्यातच वहीनं काम केलं. मेलेली माणसं यादीत जिवंत होती, दोन-तीन वर्षांमागं नांदायला आलेल्या पोरी यादीत नव्हत्या आणि एक अख्खी ओळ, सात घरं, शेजारच्या प्रभागात गेलेली होती. हे तोंडी सगळ्यांना ‘माहीत’ होतं. पण तोंडी तक्रारीला कचेरीत ‘बघू’ म्हणतात. यादीतल्या क्रमांकासकट लेखी हरकत दिली की पोच द्यावी लागते. ती पोच वहीत चिकटवली. सात घरं परत आली.

मग खुणांचा प्रश्न आला. सगळीकडं रीत आहे, नावापुढं खूण करायची : आपलं, त्यांचं, डळमळीत. एका आजीनं वही ओढून घेतली. वाचता येत नव्हतं, पण खूण दिसत होती.

‘माज्या नावाम्होरं ह्यो आकडा कसला?’

पोरगं म्हणालं, ‘आज्जी, ती शंका असल्याची खूण हाय. तू त्यांचं लुगडं घेतलंस म्हनं.’

‘घेतलं. अंगावर घालायला घेतलं. त्यात मत गुंडाळून दिलं व्हय रं मी?’

त्या रात्री विहारात जोरात वाद झाला. एक बाजू म्हणाली, खुणा नाहीत तर अंदाज कसा बांधायचा, कुणाच्या दारात दुसऱ्यांदा जायचं? मुद्दा खोटा नव्हता. मी म्हणालो, ही आजी ज्याच्या रानात भांगलायला जाते त्याच्या हाती उद्या ही वही पडली तर? गुप्त मतदान ही रानात राबणाऱ्या बाईच्या अंगावरची ढाल आहे. मालक तिची हजेरी कापू शकतो, बोलावणं बंद करू शकतो, पण पडद्याआड तिनं काय केलं ते त्याला कधीच कळत नाही. आणि आपण तिच्याच नावापुढं निळ्या शाईनं ते लिहून ठेवणार? मालकाला सत्तर वर्षांत जे जमलं नाही ते आपण त्याला आयतं करून देणार?

शेवटी ठरलं ते अर्धवट ठरलं. नावापुढं तिची गरज लिहायची : रिक्षा लागते, डोळ्याला दिसत नाही, लेक मुंबईला आहे, पेन्शन बंद पडलंय. मनातलं लिहायचं नाही. अंदाज ज्याचा त्यानं गल्लीवार आकड्यात सांगायचा, नावानिशी नाही. काहीजणांना हे आजही पटलेलं नाही. त्यांना मी दोष देत नाही, अंदाज चुकला की शिव्या त्यांनाच बसतात.

आणखी एक बोचणारी गोष्ट. आपल्या बहुतेक वह्या बौद्धवाड्यापासून सुरू होतात आणि मातंग वस्तीचं पान शेवटी येतं, आलं तर. चांभाराची दोन घरं, होलाराचं एक, ती तर समासात. वाळवा तालुक्यातच वाटेगाव आहे, अण्णा भाऊ साठ्यांचं. बापाबरोबर पायी मुंबई गाठून गिरणीत राबलेला हा माणूस. त्याच्या मुलखात आपल्या वहीची पानं जातीच्या उतरंडीनं लागावीत, याची मला लाज वाटते. पानांचा क्रम हाही विचारच असतो. मग घरं रस्त्यानं लावा, शाळेपासून ओढ्यापर्यंत, म्हणजे जो क्रम येईल तो पायांचा येईल.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात बोलण्यापेक्षा लिहिण्याचं काम जास्त आहे. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. राखीव जागेवर जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर निवडच रद्द. म्हणजे जिंकून हरण्याची सोय कायद्यात आहे आणि आपण तिचा लाभ भरपूर घेतो. पण हिशेब आयोगासाठी नसतो. वस्तीतल्या बाईनं दहा रुपये दिले तर ते दहा म्हणूनच लिहायचे, ‘किरकोळ’ म्हणून नाही. महाडला मार्च १९२७ च्या परिषदेत माणसांना प्यायला पाणी विकत घ्यावं लागलं होतं, चाळीस रुपयांचं. तो आकडा आज आपल्यापर्यंत पोचलाय तो कुणीतरी लिहिला म्हणून. आणि ते चाळीस रुपये वाचले की तळ्याच्या काठावरचा अन्याय जितका अंगावर येतो, तितका दहा भाषणांनी येत नाही. त्याच साली डिसेंबरात सत्याग्रहासाठी चार हजारांच्या आसपास लोकांनी नावं नोंदवली, आणि बाजार आपल्याला माल देणार नाही म्हणून दहा दिवसांचं धान्य बाहेरून आणून ठेवलं होतं. गर्जना आपल्याला आठवते. धान्य कुणी मोजलं ते आठवत नाही.

गिरणीतला माझा जोडीदार मला म्हणाला, ‘आरं, इथं हजेरी, कार्ड, मिनिटं, तुटलेली तारं मोजून जीव आंबला. चळवळीत तरी मोकळं राहू दे की.’ हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. गिरणीची शिस्त मालकाची आहे. मुतारीत किती वेळ लागला हेसुद्धा तिथं कुणीतरी बघत असतं. पण त्याच गिरणीत एक गोष्ट कुणी न सांगता चालते. पाळी बदलताना जाणारा कामगार येणाऱ्याला सांगून जातो : या बाजूच्या अमक्या चातीवर तार सारखी तुटतीय, बघ जरा. हे मालकानं शिकवलेलं नाही. मागून येणाऱ्याच्या हातांची काळजी म्हणून आपणच ते करतो. प्रचारात आपण नेमकं तेवढंच करत नाही. सकाळचा कार्यकर्ता संध्याकाळच्याला काहीच सांगून जात नाही. मग एकाच दारात तिघं जातात, चौथ्या गल्लीत कुणीच नाही, आणि स्वयंपाकाला त्याच तीन बाया सलग बारा दिवस. बायांच्या पाळ्या कुणी लावल्या का? झेंडे कोण बांधणार याची यादी होती. भाकरी कोण थापणार याची नव्हती, कारण ते ‘होतंच’. जे ‘होतंच’ ते कुणाच्या तरी कंबरड्यावर होत असतं.

शिस्त म्हणजे गुलामी असं ज्यांना वाटतं त्यांनी संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण पुन्हा वाचावं. व्यक्तिपूजेबद्दलचा इशारा आपण सगळे पाठ म्हणतो. त्याच भाषणात बाबासाहेब भिक्खूसंघांबद्दल बोलले आहेत : तिथं ठराव कसे मांडायचे, गणपूर्ती किती, मतं कशी मोजायची, गुप्त मतदान कसं घ्यायचं, याचे नियम होते. ज्यानं घरदार सोडलं त्यालाही संघात नियम लागले, कारण नियम नसले की जो मोठ्यानं बोलतो त्याचंच चालतं. आपल्या गटातटांकडं बघा, मग हे वेगळं पटवायला नको.

आमच्या जिल्ह्यातलंच एक उदाहरण आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि हजारो कामगार गावाकडं परतले. खानापूर तालुक्यात आलेल्यांनी दुष्काळाशी भांडण मांडलं, मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली आणि येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. त्यांचं तत्त्व असं होतं की पाणी जमिनीच्या मापानं नाही, कुटुंबाला वाटायचं, भूमिहीनालासुद्धा. ऐकायला साधं आहे. पण भूमिहीनाचं नाव सातबाऱ्यावर नसतं. त्याला वाटा द्यायचा तर सरकारी दप्तराच्या बाहेर, त्याचं नाव असलेली दुसरी यादी आधी कुणीतरी करावी लागते. समतेला अशी वही लागते, हे मला त्या धरणापाशी कळलं.

मावशी निवडून आली. तीन जागांपैकी एक. आता वहीवरून भांडण आहे. तिच्या घरची माणसं म्हणतात, मेंबर आमच्या घरात, वही आमच्या घरात. पोरं म्हणतात, विहारात. मावशी स्वतः म्हणते, ‘मला पेन्शनवाल्यांचं पान तेवढं लिहून द्या, बाकीचं काय करायचं त्ये करा.’ तूर्त वही विहारातल्या ट्रंकेत आहे, दोन कुलपं, एक किल्ली बौद्धवाड्यातल्या बाईकडं आणि एक मातंग वस्तीतल्या. वर्गणीची पानं सगळ्यांना उघडी ठेवायची की नाही यावर अजून अडलंय, कारण त्यात काही नावं अशी आहेत की ती बाहेर गेली तर त्यांचं रानातलं काम जाईल. पण झाकून ठेवली तर पैसे कुणी खाल्ले म्हणून उद्या बोट दाखवायला आपणच जागा ठेवतो. एकानं सुचवलंय की रक्कम उघडी ठेवावी आणि नावांऐवजी पावतीचा क्रमांक लिहावा, पावती ज्याची त्याच्याकडं. मला हे बरं वाटतंय. रविवारी दुसरी पाळी सुटल्यावर पुन्हा बसणार आहोत.